हजेरीचा हिरवा ठिपका



बऱ्याच दिवसांनी इकडे फिरकते आहे. मध्ये यांची तब्येत, मग घरातलं लग्नकार्य, मग नेहमीप्रमाणे अंबडची लाईट. (ही शेवटची सबब इतकी खरी आहे की पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना ती खोटी वाटते.) आज मात्र ठरवून बसले आहे. महिनाभर एक वाद डोक्यात घोळतो आहे आणि तो उतरवल्याशिवाय चैन पडायचं नाही.

झालं असं, की संभाजीनगरच्या लग्नात माझा भाचा जेवायला शेजारीच बसला होता. मोठ्या कंपनीत मॅनेजर आहे, हाताखाली चाळीस माणसं आहेत. मुलगा गुणी आहे, माझ्यावर जीव आहे त्याचा. बोलता बोलता सूनबाईचा विषय निघाला. तिला पुण्याला परत जावं लागलं, घराची कशी ओढाताण होते वगैरे मी सांगत होते. तर हा म्हणाला, "मावशी, तू तर शिक्षिका होतीस. बाई वर्गात नसल्या की पोरं काय करतात ते तुला मी सांगायला पाहिजे का? मोठ्यांचंही तेच असतं. समोर माणूस दिसल्याशिवाय टीम चालत नाही."

मी काही बोलले नाही. पंगतीत वाद घालू नये असं आमच्या आईनं शिकवलं होतं. ब्लॉगवर घालू नये असं मात्र तिनं काही सांगितलेलं नाही. तेव्हा हा लेख त्याच्यासाठी. त्याची बायको माझं लिखाण वाचते, ती त्याला दाखवेलच.

आधीच सांगून टाकते, या वादात मी तटस्थ नाही. माझं घर यात अडकलं आहे. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा मुलगा, सून आणि चार वर्षांची नात पुण्याहून इथे आले. मुलगा ज्या वर्कशॉपमध्ये होता ते त्यातच बंद पडलं. त्यानं इथे शेतीच्या अवजारांचं नि सुट्या भागांचं छोटं दुकान टाकलं. सून सॉफ्टवेअरमध्ये आहे. माजघराच्या बाजूच्या खोलीत, जिथे पूर्वी धान्याची कोठी होती, तिथे तिचं टेबल लागलं. २०२१ मध्ये यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. त्यानंतर ती माणसं इथे होती म्हणून आम्ही उभे राहिलो, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

चार वर्षं ती टीम मी दाराआडून ऐकली. इंग्रजी माझं बेताचंच, पण काम चाललं आहे की नुसतं बोलणं चाललं आहे, हे कळायला भाषा लागत नाही. चौतीस वर्षं वर्गाबाहेरच्या व्हरांड्यातून चालताना तेवढं कान शिकतात.

सूनबाईचे पहिले साहेब बंगळुरूला बसायचे. सकाळी सकाळी ते लेखी पाठवायचे : आज काय व्हायला हवं, कोणी करायचं, कधीपर्यंत, आणि अडलं तर कोणाला विचारायचं. मग दिवसातून एकदा वीस मिनिटं सगळे बोलायचे आणि आपापल्या कामाला लागायचे. टीममधला एक जण कोइमतूरचा, दोघे हैदराबादचे, दोघे अमेरिकेत. सूनबाईनं त्यातल्या एकालाही प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. तरी अमेरिकेतल्याच्या घरी मूल झालं तेव्हा त्याचं काम बाकीच्यांनी महिनाभर वाटून घेतलं. का जमलं? तर तो काय करत होता हे सगळं लिहिलेलं होतं. वही उघडली की पुढचं पान सुरू.

२०२३ मध्ये साहेब बदलले. नव्या साहेबांना लिहायचा कंटाळा आणि बोलायची हौस. सकाळी मीटिंग, दुपारी मीटिंग, त्या दोन्ही मीटिंगांत काय ठरलं हे ठरवायला संध्याकाळी मीटिंग. आणि एक ठिपका. सूनबाईच्या स्क्रीनवर नावापुढे हिरवा ठिपका असतो. काही मिनिटं हात लावला नाही की तो पिवळा होतो. साहेब तो ठिपका बघत बसायचे. पिवळा दिसला की निरोप : "कुठे आहात?"

आता एक गोष्ट कबूल करते. यांना दुपारी उचलून बसवावं लागायचं, ते मला एकटीला झेपत नसे. मुलगा दुकानात. एके दिवशी सूनबाई उठली आणि म्हणाली, "आई, मी बाबांना बसवते, गोळ्या देते. तुम्ही तेवढा हा माऊस हलवत राहा." मी बसले आणि वीस मिनिटं माऊस फिरवला! आयुष्यभर पोरांना कॉपी करू नका म्हणून सांगितलं, आणि सत्तरी ओलांडल्यावर हे. गंमत वाटली, आणि नंतर फार वाईट वाटलं. कारण त्या दिवशीचं काम तिनं आदल्या रात्री एक वाजेपर्यंत जागून संपवलेलं होतं. अमेरिकेत काहीतरी बंद पडलं होतं, ते तिनं सुरू करून दिलं होतं. त्या जागरणाची नोंद कुठेच नव्हती. नोंद होती ती ठिपक्याची.

तर भाचेबुवा, तुझ्या मुद्द्याकडे येते. बाई वर्गात नसल्या की पोरं काय करतात?

माझी नोकरी घनसावंगीकडच्या एका खेड्यातल्या द्विशिक्षकी शाळेत सुरू झाली. चार वर्ग, दोन शिक्षक. म्हणजे रोज, प्रत्येक तासाला, माझे निम्मे विद्यार्थी माझ्या नजरेआड असायचे. पहिल्या वर्षी मी तिसरीला शिकवताना चौथीला म्हणायची, "शांत वाचत बसा." दहा मिनिटांत बाजार भरायचा. मग तिथल्या जुन्या गुरुजींनी सांगितलं, "बाई, 'वाचत बसा' हे काम नव्हे. काम द्या." मग मी फळ्याचे दोन भाग केले. चौथीच्या बाजूला : ही पाच गणितं, झाली की शेजाऱ्याशी पडताळा, उत्तर जुळलं नाही तर दोघांनी मिळून पुन्हा करा, तरी जुळलं नाही तर पाटीवर खूण करून ठेवा, मी येते. वर्ग शांत झाला. माझी नजर तेवढीच होती, फळा बदलला होता.

तेव्हा, बाई नसताना पोरं काय करतात? बाईंनी काय सांगून ठेवलंय त्यावर आहे ते. गोंधळ झाला तर आधी बाईंचा फळा तपासा.

आणि दुसरं. समोर असणं म्हणजे काम करणं, हे एका शिक्षिकेला तरी सांगू नकोस. मस्टरवर वेळेत सही करून दिवसभर टेबलावर पेपर वाचणारे मी पाहिलेत. त्यांची हजेरी शंभर टक्के. चांगले तपासणी अधिकारी यायचे ते मस्टर बघून पुढे जायचे आणि पोरांच्या वह्या मागायचे. वही खोटं बोलत नाही. वाईट अधिकारी यायचे ते मस्टरच तासभर बघायचे. तो ठिपका म्हणजे मस्टरच, फक्त दर पाच मिनिटांनी सही करावी लागणारं.

आता माझा सगळ्यात मोठा दाखला. तुम्ही म्हणाल, म्हातारीला टीमचं काय कळतं. तर मंडळी, मी देशातल्या सगळ्यात मोठ्या दूरस्थ टीममध्ये काम केलेलं आहे, आणि तेव्हा इंटरनेट नव्हतं. १९९१ ची जनगणना.

तरुण वाचकांसाठी सांगते. जनगणनेचं काम शिक्षकांकडे असतं. आधी तहसीलला प्रशिक्षण झालं. हातात एक सूचनापुस्तिका, नकाशा काढायला कागद आणि फॉर्मांचा गठ्ठा. ९ फेब्रुवारी ते २८ फेब्रुवारी घरोघर फिरायचं. २८ च्या रात्री बसस्टँड, देवळाचा ओटा, रस्त्याची कड, जिथे बेघर माणसं झोपतात तिथे जाऊन त्यांना मोजायचं. १ मार्चचा सूर्योदय हा गणनेचा क्षण. मग १ ते ५ मार्च पुन्हा प्रत्येक घरी फेरी : मधल्या काळात कोणी जन्मलं का, कोणी गेलं का. माझ्या गटात एका घरी बाळ जन्मलं होतं, ते लिहिलं. दोन घरं सोडून एक आजोबा गेले होते, त्यांचं नाव कापलं. ती रेघ मारताना हात थबकला होता, अजून आठवतं.

पुस्तिकेत सगळ्यात महत्त्वाचं काय होतं तर व्याख्या. कुटुंब म्हणजे काय? रक्ताचं नातं नव्हे, एक छप्पर नव्हे. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. माझ्या गटातल्या एका जुन्या वाड्यात तीन भाऊ राहायचे. थोरल्या वहिनी म्हणाल्या, "बाई, आमचं एकच कुटुंब लिहा." मी विचारलं, "चुली किती?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तीन." तीन लिहिली. त्याच दिवशी केरळात कोणी शिक्षिका असाच प्रश्न विचारत असणार आणि हेच लिहीत असणार. तिची माझी ओळख नाही, भाषा एक नाही, आणि तरी आमच्या दोघींच्या वह्या एकमेकींशी जुळत होत्या.

आता खरी गोष्ट. आमच्या भागातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसं जातात, ती पाडव्याच्या सुमारास परततात. फेब्रुवारीत माझ्या गटातल्या कितीतरी दारांना कुलपं होती. शेजारी म्हणायचे, "बाई, त्यांची नावं आम्ही सांगतो, लिहून घ्या." त्यांना वाटायचं, नाव राहिलं तर रेशनकार्ड जाईल. पण नियम असा, की जे कुटुंब त्या सगळ्या काळात बाहेर आहे ते जिथे असेल तिथे मोजायचं. म्हणजे मी त्यांना लिहायचं नाही. नगर किंवा साताऱ्याकडे कुठल्यातरी कारखान्याच्या पट्ट्यात, उसाच्या फडाजवळच्या कोप्यांमध्ये, माझ्यासारखाच एखादा मास्तर चिखल तुडवत जाईल आणि त्यांना मोजेल, असा विश्वास ठेवायचा. त्या मास्तरला मी कधी पाहिलं नाही. तो काम करतोय की झाडाखाली झोपलाय, हे दाखवणारा ठिपका माझ्याकडे नव्हता. मी तरी कुलपं सोडून पुढे गेले.

हा विश्वास भाबडा नव्हता बरं का. त्याला आधार होता. त्याच्या हातात तीच पुस्तिका होती, तेच प्रशिक्षण त्यानं घेतलं होतं, शंका आली तर विचारायला त्यालाही पर्यवेक्षक होता, आणि त्याचे फॉर्म कोणीतरी तपासणार होतं. अशा अनोळखी माणसांनी मिळून ८४ कोटींहून जास्त माणसं मोजली. चुका झाल्या असतील, त्या होतातच. पण आम्हा सगळ्यांना दिल्लीला एका हॉलमध्ये बसवलं असतं तर एकही माणूस मोजून झाला नसता, हे तर खरं ना? काही कामं दूर बसूनच होतात.

यात नवं काही नाही. आमच्या याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातल्या जांबेला १६०८ साली समर्थ रामदास जन्मले. त्यांच्या भक्तीविषयी लिहायचा माझा अधिकार नाही, व्यवस्थेविषयी लिहिते. त्यांचे मठ किती लांब लांब पसरले होते बघा : परांड्याजवळ डोमगावला कल्याणस्वामी, मिरजेला वेणाबाई, पार तंजावरला भीमस्वामी. त्या काळात एका विधवा बाईला मठ सोपवणं, आणि रोज उठून तिच्यावर नजर ठेवता येणार नाही हे माहीत असताना सोपवणं, ही साधी गोष्ट नाही. आणि दासबोधात एक अख्खा समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसं असावं, ओळी कशा सारख्या असाव्यात, समास किती सोडावा, टाक कसा असावा. कॉलेजात मला प्रश्न पडायचा, की एवढ्या अध्यात्माच्या ग्रंथात हे शुद्धलेखन कशाला? आता वाटतं, ज्याची पोथी लांबच्या गावी अनोळखी माणूस वाचणार आहे त्याला हे सुचायलाच हवं. लांबच्याला विचारायला येता येत नाही. त्याला कागदच सांगणार.

दुसरं उदाहरण मराठी विश्वकोशाचं. १९६० साली मंडळ झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष, कार्यालय वाईला. लिहिणारे मात्र गावोगावचे तज्ज्ञ. पहिला खंड निघाला १९७६ साली, आणि त्याच्याही आधी त्यांनी परिभाषासंग्रह काढला. म्हणजे आधी शब्द ठरवले, मग लिहायला बसले. माझ्या चुलीच्या व्याख्येसारखंच झालं हे.

बरं, हे सगळं जुनं झालं असं भाचा म्हणेल. त्याला पुरावा आकड्यात लागतो. नातवंडांच्या पिढीनं वाचायला दिलेलं सांगते. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम नावाचे प्राध्यापक आहेत. त्यांनी शांघायच्या एका मोठ्या प्रवास कंपनीत प्रयोग केला. घरून काम करायला तयार असलेल्यांतून जन्मतारीख सम की विषम यावरून निम्मे घरी पाठवले, निम्मे ऑफिसात ठेवले. नऊ महिन्यांत घरच्यांचं काम तेरा टक्क्यांनी जास्त भरलं. पुढे त्याच कंपनीत १६१२ जणांवर दुसरा प्रयोग झाला, तो २०२४ साली 'नेचर'मध्ये आला. आठवड्यात दोन दिवस घरून काम. कामाच्या दर्जात फरक पडला नाही, बढत्यांत पडला नाही, आणि नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशानं घटलं. सगळ्यात जास्त फायदा कोणाला? बायकांना, आणि ज्यांचा प्रवास लांबचा त्यांना. आणि हे खास तुझ्यासाठी : प्रयोगाआधी ३९५ मॅनेजरांना विचारलं तर त्यांचा अंदाज होता की काम घटेल. प्रयोग संपल्यावर त्याच मॅनेजरांचं मत फिरलं. मत फिरवण्यात कमीपणा नाही रे बाबा.

आपल्याकडे उलट झालं. २०२० च्या एप्रिलमध्ये टीसीएसनं जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत पंचवीस टक्क्यांहून जास्त माणसांना ऑफिसात यायची गरज राहणार नाही. २०२३ च्या ऑक्टोबरपासून तिथेच पाचही दिवस ऑफिस सुरू झालं. (सूनबाईची कंपनी ही नव्हे. तिचं नाव मी लिहिणार नाही.) कंपन्यांना आपले नियम करायचा अधिकार आहे, मान्य. पण जे २०२० मध्ये चालत होतं ते २०२३ मध्ये का चालेनासं झालं, याचं उत्तर नुसतं "संस्कृती" असं देऊन चालणार नाही. मुलांनी परीक्षेत असं एका शब्दाचं उत्तर लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं.

आता दुसरी बाजू. ती लिहिली नाही तर तो वकिली लेख होईल.

दूर राहण्यानं तोटा होतो, आणि तो सगळ्यात जास्त नवशिक्यांचा होतो. मी नवीन असताना शिकले ती त्या जुन्या गुरुजींना शेजारच्या वर्गात शिकवताना बघून. फळ्याचे दोन भाग करा हे त्यांनी मला पत्रानं कळवलं नसतं. त्यांना माझा गोंधळ ऐकू आला, म्हणून सांगितलं. सूनबाईच्या टीममध्ये २०२१ ला एक मुलगी नवीन लागली होती. ती सहा महिने घाबरून गप्प होती. प्रश्न विचारायचा तर सगळ्यांसमोर विचारावा लागायचा, शेजारी वाकून हळूच विचारायची सोय नव्हती. मायक्रोसॉफ्टनं आपल्या एकसष्ट हजार अमेरिकी कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला, त्यातही हेच दिसलं : घरून काम सुरू झाल्यावर माणसं आपापल्या कोंडाळ्यात जास्त गेली, दुसऱ्या गटांशी असलेले धागे कमी झाले. शांघायच्या त्या पहिल्या प्रयोगात, पुढे निवड करायला सांगितल्यावर, घरी बसलेल्यांतले जवळजवळ निम्मे ऑफिसात परत गेले. का? एकटं वाटतं म्हणून.

शिवाय घर म्हणजे काही शांत आश्रम नव्हे. बाईनं घरून काम करायचं म्हणजे दोन्ही कामं तिनंच करायची असा आपला गोड समज. मीही त्यात दोषी आहे. सुरुवातीला मी खुशाल दार ढकलून विचारायची, "भाजी कोणती करायची गं?" तिनं एकदा शांतपणे दारावर कागद लावला : लाल खूण असेल तर येऊ नये. राग आला होता मला. चार दिवसांनी कळलं, माझ्या फळ्यासारखंच आहे हे. लिहून ठेवलं की भांडण होत नाही. आणि लाईट गेली की इन्व्हर्टर दोन तास, मग मोबाईलचं नेट, मग गच्चीवर जाऊन रेंज शोधणं. पगारी माणसाला हे रोज परवडत नाही. गावात बसून काम व्हावं असं वाटत असेल तर वीज आणि इंटरनेटची हमी सरकारनं द्यायला हवी.

म्हणून मी असं म्हणत नाही की कोणी कधी ऑफिसात जाऊच नये. जनगणनेतही आधी तहसीलला एकत्र बसवून शिकवलं होतं. मध्ये पर्यवेक्षक येऊन भेटायचे. भेटावं, जरूर भेटावं. नव्या माणसाला जुन्याजवळ बसवावं. काम सुरू करताना सगळ्यांनी एकत्र येऊन चुलीची व्याख्या ठरवावी. पण भेटण्याला कारण हवं. हजेरी हे कारण नव्हे.

आणि इथेच माझं घर येतं. २०२४ च्या जूनमध्ये हुकूम आला : आठवड्यात तीन दिवस ऑफिस. सूनबाई नातीला घेऊन पुण्याला गेली. मुलाचं दुकान इथे, वडील इथे, तो राहिला. नातीची शाळा बदलली. भाड्याची खोली, मुलीला सांभाळायला बाई, आणि हिंजवडीच्या वाहतुकीत रोजचे दोन-अडीच तास. एवढं करून ऑफिसात काय होतं? तिच्या टीममधला एकही माणूस पुण्यात नाही! कोइमतूरचा कोइमतूरला, हैदराबादचे हैदराबादला, अमेरिकेतले अमेरिकेत. ती ऑफिसच्या टेबलाशी बसते, कानाला हेडफोन लावते आणि आमच्या कोठीच्या खोलीत बसून ज्या माणसांशी बोलायची त्याच माणसांशी बोलते. टीम होती तितकीच लांब राहिली. लांब झालं ते घर.

मी तिला विचारलं, "मग साहेब काय म्हणतात?" ती म्हणाली, "साहेब खूश आहेत आई, माझं कार्ड गेटवर वाजतं."

भाचेबुवा, तुझ्या हाताखाली चाळीस माणसं आहेत. त्यातल्या कितीजणांच्या घरी कोण आजारी आहे, कोणाचं मूल कुठे आहे, हे मला माहीत नाही, आणि तुलाही सगळं माहीत असायला हवं असं नाही. पण त्यांना बोलावशील तेव्हा एवढंच बघ, की तो ज्यांच्याबरोबर काम करतो ते तिथे आहेत का. आणि बोलावण्याआधी स्वतःचा फळा बघ. कालच्या दिवसात तू किती कामं लेखी, मुदतीसह, नाव घालून दिलीस आणि किती वेळा नुसतं "जरा बघून घ्या" म्हणालास? "जरा बघून घ्या" म्हणजे आमचं "वाचत बसा". त्यावर गोंधळच होणार, मग माणसं समोर असोत की सातासमुद्रापार. मी चिडून लिहिते आहे असं वाटलं तर वाटू दे. मावशीला तेवढा हक्क आहे.

असो. लांबलं खूप.

परवा शुक्रवारी सूनबाई आणि नात आल्या होत्या. गुरुवारी रात्रीची गाडी पकडतात, रविवारी रात्री जातात. शुक्रवारी घरून काम. जुनं टेबल अजून तसंच आहे. मी यांना खुर्चीत बसवून तिच्याजवळ नेलं होतं, त्यांना तिथे बरं वाटतं. ती नातीला दूध द्यायला उठली आणि स्वयंपाकघरात बोलत उभी राहिली. मी खोलीत डोकावले तर हे जरा पुढे वाकून, डाव्या हातानं, अगदी हळूहळू माऊस फिरवत होते. मला बघून थांबले नाहीत. बोलणं त्यांना फार जमत नाही आता. मानेनंच स्क्रीनकडे दाखवलं.

ठिपका हिरवा होता.

कळावे, लोभ आहेच.

ता. क. : कोणी जनगणनेचं काम केलं असेल तर आपल्या आठवणी जरूर लिहा. २०२१ ची होणार होती ती लांबत लांबत २०२७ वर गेली आहे, आणि ती आता मोबाईलवर होणार म्हणतात. तेव्हा नव्या मास्तरांना आणि बाईंना एकच सांगणं : आधी चुली मोजा.